मोडलं की बघू

टिकाऊकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इमारतीत कोणी उरलं नव्हतं. टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर गोंधळायचा आणि मग म्हणायचा, "अच्छा, म्हणजे टिकाऊकाका!"

काका एकतीस वर्षं बिजागऱ्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. काम काय, तर वस्तू मोडणं. बिजागरी यंत्रावर चढवायची, ती ऐंशी हजार वेळा उघडायची आणि मिटायची, आणि कितव्या फेरीला कुठे तडा गेला ते लिहून ठेवायचं. दिवसभर मोडतोड करून हा माणूस संध्याकाळी घरी आला, की मात्र घरातली टाचणीसुद्धा वाकू द्यायचा नाही.

इमारतीत कोणाला मिक्सर घ्यायचा असो की बादली, लोक काकांना सोबत घेऊन जायचे. काका दुकानात गेले की वस्तूच्या दर्शनी भागाकडे बघायचेच नाहीत. आधी ती उलटी करायचे. स्क्रू आहेत की नुसतंच चिकटवलंय, ते बघायचे. कढईचा दांडा रिव्हेट मारून बसवलाय का, बूड किती जाड, सुटे भाग मिळतात का, आणि मिळत असतील तर कुठे. मग कानाशी धरून बोटाच्या पेराने एक टिचकी मारायचे आणि निकाल द्यायचे, "बारा वर्षं." किंवा "ही तुम्हाला पुरून उरेल." दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की तकलादू माल आत सरकवायचे.

त्यांच्या बायकोला टिकाऊकाकू हे नाव लग्नातच मिळाल्यासारखं झालं होतं. या नावाचा तिला राग होता. एखाद्या बाईला सुगरण म्हणावं, हौशी म्हणावं, अगदी भांडखोर म्हटलं तरी चालेल, पण टिकाऊ? काकू अर्धा दिवस एका शिंप्याच्या दुकानात काम करायची. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, बिघडलेली चेन काढून नवी लाव. माणसं जाड होतात, बारीक होतात, त्यांना कालचा कपडा आज नकोसा होतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दुकानातून ती घरी यायची ती अशा घरात, जिथे सव्वीस वर्षांत काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

कारण घराचा नियम. तो काकांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घातला होता आणि तो तीन शब्दांचा होता : मोडलं की बघू.

नियम वाईट नव्हता. अडचण एवढीच, की काकांनी आणलेलं काही मोडायचंच नाही. टेबल असं, की त्यावर चढून रंगारी छताला रंग द्यायचा. बादली स्टीलची, जाड पत्र्याची. भरली की उचलायला दोघं लागायची. आणि चहाचे कप. ते सहा कप म्हणजे काकूच्या संसाराचं खरं दुखणं होतं. कुठल्याशा कँटीनसाठी बनवलेले, मातकट रंगाचे, कडा बोटभर जाड. त्यातून चहा पिणं म्हणजे भिंतीवरून वाकून पलीकडच्या हौदातलं पाणी पिण्यासारखं. पहिल्या दिवशी तिने कप तोंडाला लावला, घोट घेतला, आणि नवऱ्याकडे बघून हसून म्हणाली, "छान आहेत." नवी नवरी दुसरं काय म्हणणार? एवढं एक वाक्य पुढे सव्वीस वर्षं तिच्या मानगुटीवर बसलं.

तिने वाट पाहिली. सहापैकी एक तरी फुटेल. चौथ्या वर्षी एक कप खरोखरच हातातून निसटला. कप टणकन उडाला, गोल फिरला आणि शांत उभा राहिला. फरशीचा मात्र टवका उडाला. काकांनी कप उचलून पाहिला, मान डोलावली, आणि पुढच्या रविवारी फरशी बदलली. अर्थात जास्त मजबूत बसवली. दहाव्या वर्षी काकूने नळाखाली कप धुताना इकडेतिकडे पाहिलं आणि हात सैल सोडला. काही झालं नाही. सोळाव्या वर्षी गॅलरीत. तिथेही नाही. त्यानंतर तिने कानाला खडा लावला. आपल्याच्याने हे पाप होणार नाही, आणि झालं तरी त्याचा उपयोग होणार नाही.

मग मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली.

मुलगी एकुलती एक. तिने भाड्याची एक खोली बघितली होती आणि तिचा बेत सोपा होता : एक गादी, दोन घडीच्या खुर्च्या, एक प्लॅस्टिकची बादली. काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि मोडायला काही नसल्यामुळे कासावीस होते. मुलीचा बेत ऐकून ते ताडकन उठले.

"प्लॅस्टिकची बादली? दोन वर्षांत तिची कडी तुटेल."

"दोन वर्षांनी दुसरी घेईन की बाबा."

"एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं. मी आहे ना."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

चार रविवार खरेदी चालली. लोखंडी पलंग, लोखंडी कपाट, तांब्याच्या वाइंडिंगचा मिक्सर, बिडाचा तवा. काका दहा वर्षांनी तरुण दिसू लागले. चौथ्या रविवारी ते तिघं भांड्यांच्या दुकानात गेले. काका दुकानदाराला म्हणाले, "आमच्याकडे आहेत तसले कप मिळतील?" दुकानदाराचा चेहरा उजळला. माळ्यावर त्या कपांचं एक खोकं कित्येक वर्षं पडून होतं. तुमच्याशिवाय त्यांचं नाव कोणी काढत नाही, असं काही तो बोलला नाही, पण खोकं मात्र धावत जाऊन आणलं.

तेवढ्या वेळात काकू काचेच्या कपाटापाशी उभी होती. आत सहा कप होते. पांढरे, पातळ, इतके पातळ की पलीकडचा दिवा त्यांतून दिसावा. काठाला एक निळी रेघ. तिने एक हातात घेतला. वजन म्हणून नव्हतं.

"काकू, घ्या ना," दुकानदार म्हणाला. "तुमच्या हातात शोभून दिसतोय."

काका मागून आले, टिचकी मारली, म्हणाले, "दोन वर्षं. तेही जपून वापरलात तर." त्यात टीका नव्हती, डॉक्टर ताप सांगतो तसं त्यांनी सांगितलं होतं. काकूने कप जागेवर ठेवला. मुलीने ते पाहिलं, पण तिच्या हातात खोकं होतं आणि ते फार जड होतं.

पुढच्या दोन वर्षांत मुलीने तीन खोल्या बदलल्या. पहिल्या घरमालकाचा मुलगा परत आला, दुसरी खोली ऑफिसपासून लांब पडली, तिसरी चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दर वेळी ते कपाट जिन्याच्या वळणावर अडकायचं. हमाल तिला ओळखू लागले होते. तिने सामान हलवायचंय म्हणून फोन केला की पलीकडून आधी आवाज यायचा, "ताई, कपाट आहे का अजून?"

चौथ्या वेळी तिने घरी फोन केला. "बाबा, नवीन खोलीत सगळं सामान घरमालकाचंच आहे. मी आपलं सगळं घरी पाठवतेय."

"काही मोडलं का?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा." मुलीच्या आवाजात रडू होतं. "काहीच नाही मोडलं."

ट्रक शनिवारी सकाळी आला. दुपारपर्यंत घरात प्रत्येक गोष्ट दोन झाली होती. दोन कपाटं एकमेकांसमोर अशी उभी राहिली, की एकाचं दार उघडायचं तर दुसऱ्याची परवानगी घ्यावी. दोन तवे, दोन मिक्सर, दोन न उचलवणाऱ्या बादल्या. काका सगळ्यांवरून फडकं फिरवत होते आणि खुशीत होते.

"बरं झालं एका अर्थी," ते म्हणाले. "आता आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला जोड आहे. आपलं काही मोडलं, तर हे आहेच."

काकू स्वयंपाकघरात बारा कपांसमोर उभी होती. सहा कप फुटायला सव्वीस वर्षं पुरली नव्हती. आता सहाच्या मागे आणखी सहा राखीव उभे राहिले होते, ताज्या दमाचे. तिने मनातल्या मनात हिशेब करायला घेतला आणि स्वतःचं वय शंभरीच्या पुढे जायला लागलं तेव्हा सोडून दिला. मग ओढणी खांद्यावर टाकली आणि सुट्टी असूनही शिंप्याच्या दुकानात गेली. तिथे बसून तिने एका कोटाचं अस्तर इतक्या त्वेषाने उसवलं, की शिंपी म्हणाला, "ताई, कोट कोणाचा आहे माहीत आहे ना? गिऱ्हाइकाचा."

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. दुपारी दुकानातली वीज गेली, मशीन बंद पडलं आणि काकू तीनच्या सुमारास घरी निघाली. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिच्या बाकावर एक ओळखीची पाठ दिसली. काकू रस्त्याच्या अलीकडेच थबकली.

काका चहा पीत होते. हातात काचेचा पातळ ग्लास, दोन बोटांनी काठाला धरलेला. ते घोट घेत होते, डोळे मिटत होते, आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की काकूला नवऱ्याला भलत्याच बाईबरोबर पकडल्यासारखं झालं. हाच माणूस घरात म्हणायचा, बाहेरचा चहा कशाला, घरी काय कमी आहे!

ती रस्ता ओलांडून समोर जाऊन उभी राहिली. काकांनी डोळे उघडले आणि ग्लास पाठीमागे लपवला.

"रोज येता?"

"छे! कधीतरी."

"काका ना? रोज तीनला," चहावाला मदत करायला म्हणून मध्ये पडला. "चार वर्षं तरी झाली. कामावर होते तेव्हा सुटल्यावर यायचे. काकू, तुम्हाला टाकू का एक?"

काकू बाकावर बसली. "माझ्या हातचा चहा आवडत नाही, हे सरळ सांगायचं होतंत."

"चहाबद्दल मी कधी बोललो का? तुझा चहा याच्यापेक्षा कितीतरी चांगला असतो." काकांनी चहावाल्याकडे बघून आवाज खाली आणला. "कप."

"कपाचं काय?"

"जाड आहे गं. ओठांना असं वाटतं, की आपण पायरी चाटतोय."

काकू बाकावरच त्यांच्याकडे वळली. "कधीपासून वाटतं हे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"सव्वीस वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"फुटला असता तर बोललो असतो," काका म्हणाले. "धडधाकट वस्तूला नावं कशी ठेवणार? आणि तू तर पहिल्याच दिवशी छान आहेत म्हणालीस. मला वाटलं, तुझा जीव आहे त्यांच्यावर."

चहावाल्याने दुसरा ग्लास आणून ठेवला. काकूने एक घोट घेतला. चहा पांचट होता, गोड मिट्ट होता, आणि ओठांना काठ लागतच नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं; ते रागाचं की हसण्याचं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"दहाव्या वर्षी नळाखाली कप पडला होता, आठवतं? तो निसटला नव्हता. मी सोडला होता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"निसटलेली वस्तू तिरकी पडते. तो सरळ पडला होता. मी एकतीस वर्षं हेच बघत आलोय." काका ग्लासकडे बघत म्हणाले, "गॅलरीतलाही माहीत आहे."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी आत बसून वाट बघत होतो. म्हटलं, फुटला तर बरं."

तिथून ते दोघं तडक भांड्यांच्या दुकानात गेले. निळ्या रेघेचे कप अजून काचेमागे होते, मात्र पाच. "पुसताना एक गेला," दुकानदार ओशाळून म्हणाला. काकांनी हरकत घेतली नाही. त्यांनी कप उलटा केला नाही, कानाशी धरला नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

आता बारा जाड कपांचं काय करायचं? टाकवत तर नव्हते. काकांनी ते एका खोक्यात घालून तळमजल्यावर जिन्यापाशी ठेवले आणि वर कागद चिकटवला : "उत्तम स्थितीत. हवे असल्यास न्यावेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बघायला गेले तेव्हा खोक्यात एकोणीस कप होते.

त्यांनी पुन्हा मोजले. एकोणीसच. खोक्याशेजारी एक स्टीलची बादलीही उभी होती, तसलीच, दोघांनी उचलायची. वर्षानुवर्षं काकांच्या सल्ल्याने खरेदी केलेल्या लोकांनी ही संधी साधली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने तर येता-जाता तोंडावरच सांगितलं, "काका, रागावू नका हं. तुम्ही रोज समोर दिसता, म्हणून इतके दिवस वापरावे लागत होते."

काका जिन्यावर बसले. मोठा धक्का होता. आयुष्यभर लोकांचं भलं केलं अशा समजुतीत काढलेले रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. काकू त्यांना शोधत खाली आली, खोक्यात डोकावली आणि ओठांवर आलेलं हसू तिने कसंबसं गिळलं. मग तिला त्यांच्या चेहऱ्याची दया आली.

"अहो, वस्तू चांगल्याच होत्या की," ती त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "वाईट असत्या तर त्यांनी कधीच फेकल्या असत्या."

"तेच तर," काका म्हणाले.

शेवटी ते एकोणीस कप बागेचा माळी घेऊन गेला. त्याला त्यांत रोपं लावायची होती. आठवड्याने तो तक्रार घेऊन आला : पाणी जायला बुडाला भोक पाडायला गेलो, तर ड्रिलचं टोक तुटलं. काकांनी त्याची माफी मागितली. पण दार लावून वळले तेव्हा छाती किंचित फुगलेली होती, हे काकूने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मिक्सर मुलीच्या मैत्रिणीने नेला. दुसरं कपाट राहिलंच. ते हलवायला कोणी तयार होईना.

नव्या कपांपैकी पहिला नवव्या दिवशी फुटला. काकूच्याच हातून, नळाखाली, आणि या वेळी खरोखर तिरका. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. काका आवाज ऐकून आले, तुकडे गोळा केले, सवयीने एक तुकडा उजेडात धरून त्याची कड तपासली आणि केराच्या डब्यात टाकला.  संध्याकाळी मात्र त्यांचा उत्साह वेगळ्याच दिशेला वळलेला दिसला. ते घरभर हात मागे बांधून फिरत होते.

"मी म्हणतो, आता सुरुवात झालीच आहे," ते म्हणाले, "तर तुला न आवडणारं आणखी काय आहे ते एकदाच सांगून टाक. मनात ठेवू नकोस."

काकूला विचार करावा लागला नाही. "हे पडदे. किती वर्षं मी यांच्याकडे बघतेय. चिखलाचा रंग. मळखाऊ, मळखाऊ करून तुम्ही सगळ्या घराला चिखल फासलात."

काका तिच्याकडे बघत राहिले. "पडदे तू आणलेस."

"मी?"

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. कापड तूच पसंत केलंस, शिवलेसही तूच. मी निळे घेऊ म्हणत होतो. तू म्हणालीस, निळा रंग दोन महिन्यांत मळतो."

"मी असं म्हणेन?"

"दुकानदारासमोर म्हणालीस. मला तेव्हा वाटलं, बाई संसारी आहे." काकांनी कान खाजवला. "खरं सांगू? मी कप आणले ते त्यानंतर. म्हटलं, हिला असलंच आवडत असणार."

काकू खिडकीपाशी गेली आणि तिने पडद्याची कड उलटून पाहिली. टीप बारीक होती, एकसारखी होती, एक धागा सुटलेला नव्हता. तिचीच टीप होती. तिने अशी शिवण हजारांतून ओळखली असती. कितीतरी वेळ ती कड बोटांत धरून तशीच उभी राहिली, आणि काकांना वाटलं, आता ही रडणार. पण तिने मागे वळून पाहिलं तेव्हा ती वैतागलेली होती.

"मग बघताय काय? स्टूल आणा."

काकांनी स्टूल आणलं. ते चढले, काकूने खालून स्टूल घट्ट धरलं. पडदे खाली आले तसा खोलीत एकदम उजेड पडला आणि समोरच्या इमारतीतलं एक अख्खं स्वयंपाकघर दिसू लागलं. तिथे भांडी घासणारी बाई दचकली, मग ओला हात वर करून हसली. काकूनेही हात केला.

त्यानंतर महिनाभर खिडकी तशीच उघडी राहिली. काका निळ्यावर अडून बसले होते आणि काकूला पिवळा हवा होता. दोघंही रोज सकाळ-संध्याकाळ, अगदी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्यावर भांडत होते.